लिटरला एकवीस

विश्वजीतला याआधी कुणाचा हेवा वाटला नव्हता असं नाही. चुलतभाऊ सखारामच्या बंगल्याचा होता, शेजाऱ्याच्या बढतीचा होता. पण ते हेवे जुने, अंगवळणी पडलेले. नवा हेवा घरातलाच होता आणि गाडीच्या काचेखालच्या छोट्या पडद्यावर तो रोज आकड्यात दिसायचा. विश्वजीत चालवायचा तेव्हा लिटरला पंधरा किलोमीटर. त्याची बायको दीपमाला चालवायची तेव्हा एकवीस.

आता न्याय बघा. विश्वजीत मूळचा करमाडचा, मिसरूड फुटायच्या आधी ट्रॅक्टरवर बसलेला. शहरात, पुंडलिकनगरात घर केल्यावर नऊ वर्षांपूर्वी त्यानं ही गाडी घेतली आणि तिचं स्टेअरिंग दुसऱ्या कुणाच्या हाती लागू दिलं नाही. यंदा दीपमालाची बदली करमाडच्या शाळेत झाली, म्हणून ती गाडी शिकली. आणि काल शिकलेली बाई पेट्रोलात त्याच्या पुढं! ती गाडी सावकाश उचलायची, लवकर वरच्या गिअरला जायची, सिग्नल लांबून लाल दिसला की पाय काढून घ्यायची. पंधरवड्याला चाकांची हवा बघायची. टाकी भरली की पडदा शून्यावर आणायची आणि आकडा कसा चढतो यावर लक्ष ठेवायची. विश्वजीत सिग्नलपर्यंत गाडी दामटायचा आणि तिथं कचकन ब्रेक मारायचा. गाडी चालवणं म्हणतात ते हेच, असं त्याचं ठाम मत.

आगीत तेल ओतलं ते त्याच्या आईनं. वच्छलाबाई एकदा सुनेबरोबर शहागंजात जाऊन आल्या आणि लेकाला म्हणाल्या, "सून चालवती तर पोटातलं पाणी हलत नाय. तुह्या शेजारी जीव मुठीत धरून बसावं लागतंय."

त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं नाही. अशातच सखारामच्या मुलीचा, रूपालीचा साखरपुडा ठरला, करमाडला. सगळी भावकी जमणार. मंडपापुढं गाडी थांबणार, बायको स्टेअरिंगमागून उतरणार आणि आपण डावीकडून? नुसत्या विचारानं त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मग त्यानं स्वतःच पैज लावली. साखरपुड्याच्या आधी त्यानं एकवीस काढून दाखवले, तर गाडी तो नेणार, नाहीतर ती. दीपमाला हसून बरं म्हणाली. ते हसणंही त्याला सललं.

त्यानं एसी बंद केला आणि घामानं निथळत ऑफिस गाठू लागला. डिकीतलं सामान उपसलं. चोरून चोरून तो बायकोसारखाच सिग्नलच्या अलीकडं पाय काढू लागला. तरी आकडा विसाच्या आसपास घुटमळत राहिला. शेवटी वजन कमी करायचं म्हणून त्यानं कुणाला न सांगता स्टेपनी काढली आणि आईच्या खाटेखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी पडद्यावर एकवीस उमटले. एका चाकानं असा कितीसा फरक पडणार? पण बायकोची नक्कल फळली असं मानण्यापेक्षा चाकाला श्रेय देणं त्याला सोपं गेलं.

साखरपुड्याला निघताना तो इस्त्रीच्या शर्टात, ताठ मानेनं स्टेअरिंगमागं बसला. शेंद्रा मागं पडलं आणि गाडीचं मागचं चाक बसलं. विश्वजीतनं डिकी उघडली आणि तसाच उभा राहिला. तेवढ्यात शहरातून हार-पेढे घेऊन निघालेला सखाराम मागून आला, थांबला आणि स्टेपनी कुठाय म्हणून विचारू लागला.

दीपमालानं नवऱ्याच्या तोंडाकडं एकदा पाहिलं. काय ते तिला उमगलं. "मीच काढली होती, दादा," ती म्हणाली. "डिकी धुतली अन् परत ठेवायची राहिली."

"बाईमाणसाच्या हाती गाडी दिली की असंच व्हतं," सखाराम म्हणाला.

भावकीतल्या कुणी तरी हे वाक्य बोलावं म्हणून विश्वजीत कधीपासून झुरत होता. आता ते कडू लागलं. खोटं बोलण्यातसुद्धा ती त्याच्या पुढं गेली होती, जराही न अडखळता. ते मात्र त्याला सहन झालं नाही.

"तिनं नाय, म्या काढली," तो म्हणाला. "तिच्याइतकं ॲव्हरेज पडावं म्हून."

सखारामनं आधी हसून घेतलं, मग चाक करमाडला नेऊन पंक्चर काढून आणलं. बातमी त्यांच्या आधी मंडपात पोचली होती. पंगतीत वाढपी भाताचं पातेलं घेऊन आला आणि विश्वजीतला विचारू लागला, भात वाढू का स्टेपनी.

परत निघताना त्यानं किल्ली बायकोकडं दिली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तो डाव्या सीटवर बसला होता. तिच्याकडं बघवेना, पडद्याकडं तर मुळीच नाही, म्हणून तो खाली बघत राहिला. ड्रायव्हरच्या बाजूचं मॅट त्यानं दोनदा बदललं होतं. हे डावीकडचं मात्र गाडीबरोबर आलेलंच होतं. उजव्या पायाखाली, टाचेच्या जागी, ते झिजून आरपार फाटलं होतं.

"हे असं कशानं झालं?" त्यानं विचारलं.

मुकुंदवाडीचा सिग्नल लांबून लाल दिसत होता. दीपमालानं पाय काढून घेतला.

"ब्रेक दाबून," ती म्हणाली. "नऊ वर्षं तुमच्या शेजारी बसून दाबलाय. लाल दिवा किती लांबून दिसतो, ते तिथंच कळलं मला."

विश्वजीतनं दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले.