एका दिवसाचा उशीर

सत्तावन्न सालच्या जुलैत फ्लूनं पुण्यातलं कॉलेज बंद पडलं आणि इंटर सायन्सचा भिमाजी वळकटी घेऊन मोशीला आला. येताना खोकत होता. आठवड्यात त्याची आई गोजाबाई अंथरुणाला खिळली. मग शेजार, मग सगळी आळी.

गावानं मरीआईचा गाडा काढायचं ठरवलं. देवीला गाड्यात बसवून, नारळ-बांगड्या वाहून, शिवेपलीकडं सोडून यायचं. रोगराई तिच्यासंगं जाते. अट एकच : गाडा शीव ओलांडेपर्यंत कुठल्याही घरात औषध न्यायचं नाही.

"म्हणजे ताप पुढच्या गावाला धाडायचा," भिमाजी म्हणाला.

"त्ये बी पुढं ढकलत्यात," बाप चिमाजी म्हणाला.

"आणि शेवटचं गाव?"

"कालिजात ह्येच शिकवत्यात व्हय, बापाला उलटं इचारायला?"

भिमाजीचा भरवसा दुसरीकडं होता. कॉलेजच्या सहलीत त्यानं पिंपरीच्या कारखान्यात पेनिसिलिन तयार होताना काचेआडून पाहिलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं चपला दाराशी काढल्या होत्या.

सोमवारी तो पेनिसिलिनची सुई द्यायला चिंचवडहून कंपाउंडरला सायकलवर बसवून घेऊन आला. चिमाजी उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"उद्या गाडा जाऊ दे. मंग धा सुया टोच."

"तोवर आई जाईल."

"भांडू नगा रं," गोजाबाई आतून म्हणाली. "उद्याचं उद्या बघू."

मंगळवारी दुपारी गाडा गेला, संध्याकाळी सुई पडली. गुरुवारी पहाटे गोजाबाई गेली.

दिवसकार्य उरकून भिमाजी कॉलेजात परतला. प्राध्यापकांना त्यानं सगळं सांगितलं.

"पेनिसिलिन? फ्लूच्या विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही. तुला कुणी सांगितलं हे?"

"कुणी नाही, सर. आमच्याकडंच तयार होतं."

सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी घरी आला तेव्हा चिमाजी ओट्यावर बसून होता.

"मास्तरला इचारलंस? काय म्हनले?"

भिमाजीनं तोंडावर पाणी मारलं. "सुई उशिरा पडली म्हणाले."

चिमाजीनं बोटांवर वार मोजले. "एक दिस," तो म्हणाला. "म्या आडवा आलो, त्यो."

"नाही," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. भिमाजी तांब्या घेऊन आत गेला.

पुढं तो शाळेत विज्ञान शिकवू लागला. चिमाजी मरीआईच्या देवळात पुन्हा फिरकला नाही. आपला पोरगा शहाणा, आपणच अडाणी, असं मरेपर्यंत गावभर सांगत राहिला.