जोडीतली दुसरी चटई

पंधरा दिवस झाले, खुएबाईंचं डोकं नुसतं उठलं होतं. लग्नाच्या पलंगावर चटया लागतात दोन, एकीवर एक, आणि घरात होती एकच. धाकट्या लेकीचं, थुईचं, लग्न रविवारवर आलेलं. साऱ्या गावच्या पोरींना चटयांच्या जोड्या विणून देणाऱ्या बाईच्या स्वतःच्या लेकीला एकटी चटई घालायची? तो अपशकुन तर होताच, वर गावाला बोलायला विषय.

आता लव्हाळ्याच्या चटईचा माग काही एकट्याने चालत नाही. एकीने मागावर बसून फणी आपटायची, दुसरीने बाजूला बसून लांब काठीने एकेक काडी तागाच्या दोऱ्यांतून सारायची. तीस वर्षं ही दुसरी म्हणजे त्यांची जाऊ, लुआ. पहिली चटई तिच्याबरोबरच झाली. मग लुआ नातवाला सांभाळायला दूर डा नांग शहरात गेली, ती गेलीच. तिच्या नावाने खुएबाई रोज बोटं मोडत होत्या.

शेवटी नवऱ्याला बसवलं. तोआन माणूस भला, पण हात लाकडाचे. लव्हाळ्याच्या काडीला एक जाड बुडखा असतो, एक बारीक शेंडा. एक काडी बुडख्याकडून सारली की पुढची शेंड्याकडून सारायची, एवढंच. गावातलं शेंबडं पोरही ते जाणतं. या गृहस्थांनी मोबाईलवर फुटबॉल बघत हातभर चटईत सगळे बुडखे एकाच बाजूला सारले. बाईंची नजर लाल नक्षीत अडकलेली, त्यांच्या लक्षात आलं तोवर एक कड अंगठ्याएवढी जाड झाली होती.

"अहो, चटई विणताय की शेताला बांध घालताय?"

"का? काड्या तर सगळ्या भरल्या की."

"या चटईवर निजली तर पोर घसरून नवऱ्याच्या अंगावर पडेल."

"मग लग्नात आणखी काय पाहिजे असतं?" तोआन म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. सगळं विणकाम उसवण्यात सकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी गावच्या सांस्कृतिक कचेरीतला बाओ आला. गावाच्या वेशीवर पारंपरिक चटयांचं गाव म्हणून मोठी कमान उभारली होती ती यानेच.

"काकू, तुम्ही म्हणजे आपल्या गावचा वारसा," तो फोन समोर धरून म्हणाला.

"वारसा गेला खड्ड्यात. तू ही काठी धर आणि बस."

बसला बिचारा. तीन काड्या सारल्या, तोआनकडून आपला फोटो काढून घेतला, इस्त्रीच्या पँटला लाल रंग लागला म्हणून हळहळला आणि मीटिंग आठवून पळाला. वारसा प्रत्येकाला हवा, काठी मात्र कोणालाच नको. खुएबाईंना संतापाने रडू आलं.

गुरुवारी सकाळीच थुई बुटांच्या कारखान्यातून रजा काढून आली. स्कूटरला मागे गुंडाळी बांधलेली.

"आई, आता जीव आटवू नकोस. बाजारातून आणली. झाली जोडी."

यंत्रावरची चटई. कडेला नायलॉनची पट्टी.

"परत नेऊन दे."

"अगं, पलंगावर एवढी जाड गादी आहे. तिच्याखालच्या चटया कोण बघणार?"

"मी बघेन."

थुईने आईकडे एकदा पाहिलं, हेल्मेट काढून ठेवलं आणि काठीशी येऊन बसली. कानाला वायर लावून ती सुपरवायझरशी रजेवरून हुज्जत घालत होती आणि इकडे हात चालत होते. बुडखा, शेंडा, बुडखा, शेंडा. एकदाही खाली बघितलं नाही. फणी आपटताना खुएबाईंना धाप लागली, लुआबरोबरसुद्धा त्यांना कधी एवढं धावावं लागलं नव्हतं. चार वाजता चटई मागावरून उतरली. दोन्ही कडा सरळ, एकसारख्या. पंधरा दिवसांचं ओझं उतरलं, तरी बाईंचा राग काही उतरेना, उलट चढलाच.

"एवढा हात आहे तुझा आणि तिकडे बुटांना तळ चिकटवत बसतेस. कधी बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. शाळा संपली तेव्हा म्हटलं होतं, मी तुझ्याजवळ मागावर बसते. तू काठी हिसकावून घेतलीस. म्हणालीस, इथे सडशील, कारखान्यात जा."

थुईच्या आवाजात राग नव्हता. तिने अंगावरचं तूस झटकलं आणि ती हात धुवायला गेली.

म्हणाल्या होत्या खऱ्या. याच जागेवर. लुआ मध्ये पडली होती, पोरीची आवड आहे तर बसू दे म्हणाली होती, तर तिलाही झापलं होतं. खुएबाई फणी धरून तशाच बसून राहिल्या. आता शिव्या घालायच्या तरी कोणाला, ते त्यांना कळेना.