ब्रेकबाईंचा उजवा पाय

ब्रेकबाई झोपेतसुद्धा ब्रेक मारायच्या. गाढ झोप लागलेली असताना उजवा पाय एकदम ताठ व्हायचा आणि पलंगाच्या फळीवर असा आपटायचा की खालच्या मजल्यावरचे आजोबा सकाळी जिन्यात अडवून विचारायचे, "काय बाई, काल कोणाला वाचवलंत?"

शहरात मोटार शिकवणारे पुष्कळ, पण "मी ब्रेकबाईंकडे शिकलो" म्हटलं की ऐकणारा आधी हसायचा आणि मग पाठीवर हात ठेवायचा. गाडी एकच, टपावर पिवळी पाटी आणि शेजारच्या सीटखाली बाईंचा स्वतःचा जादा ब्रेक. शिकणाऱ्याने चाक फिरवावं, बाईंनी जग थांबवावं, अशी वाटणी. तोंड तर इंजिनाच्या आधी सुरू व्हायचं. "आरसा! आरसा बघ! स्वतःचं थोबाड नाही, मागची रिक्षा बघ!" "क्लच हळू सोड रे बाबा, खाली मांजराची शेपटी आहे असं समज!" "ती आजी थांबणार नाही, तिला कुठे परीक्षा द्यायचीय?" आणि आजी अजून पलीकडच्या फुटपाथवर चष्मा पुसत असतानाच बाईंचा पाय खाली. धप्प!

तोवर या पायाने कोणाचं वाकडं केलं नव्हतं. उलट चार माणसं, दोन कुत्री आणि एक केळ्यांची हातगाडी त्यानेच वाचवली होती. तो आडवा आला तो थेट लेकीच्या नशिबात.

लेकीला नोकरी लागली होती फिरत्या वाचनालयात. दूरच्या जिल्ह्यात पुस्तकांनी भरलेली गाडी घेऊन गावोगाव हिंडायचं, पुस्तकं द्यायची, घ्यायची, पोरांनी फाडलेली चिकटवायची. गाडी मात्र स्वतः चालवायची. सगळं पक्कं झालं होतं, फक्त परवाना नव्हता. आणि तोच मिळत नव्हता.

परीक्षेच्या दिवशी बाईंच्या सीटवर परीक्षक बसायचे. बाई मागे. गाडी शिकवणीची असेल तर गाडीची जबाबदार व्यक्ती आत हवी, हा नियम. आणि बाईंच्या शाळेत मास्तरीण, मालकीण, शिपाई सगळं एकच माणूस. नवरा बोटीवर नोकरीला. तो घरी पाहुण्यासारखा यायचा आणि बोटीवरचे जाडजूड लोकरी मोजे टाकून परत जायचा.

पहिल्या परीक्षेला लेक झकास निघाली. चौकात लांबवर एक सायकलवाला दिसला आणि मागच्या सीटवर बाईंचा पाय पडला. तिथे ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता. पण लेक गाडी शिकली होती त्या 'धप्प'वरच! कानात आवाज शिरायच्या आत तिच्या पायाने करकचून ब्रेक मारला. मोकळ्या रस्त्यात गाडी खुंट्याला बांधल्यासारखी थांबली आणि परीक्षकांची टोपी नाकावर आली.

परीक्षक हा 'हं'चा माणूस होता. बसताना 'हं', म्हणजे चला. वळणावर 'हं?', म्हणजे इंडिकेटर कोणाचा बाप देणार? आणि शेवटी टोपी सरळ करत खोल विहिरीतून आल्यासारखा 'हंऽऽ'. म्हणजे नापास.

दुसऱ्या वेळी कबुतर होतं.

"कबुतर होतं गं समोर!" बाई घरी येऊन म्हणाल्या.

"आई, कबुतराला पंख असतात!"

"सगळी वेळेवर उडत नाहीत."

"तू मागे बसलीस ना, तरी गाडी तूच चालवतेस." लेकीने किल्ली टेबलावर टाकली. "आता एकदाच तारीख मिळणारे. तेव्हा नाही झालं, तर वाचनालयवाले दुसऱ्या कोणाला घेणार, स्पष्ट सांगितलंय त्यांनी. यायचं तर पाय घरी ठेवून ये."

बाईंनी मनावर घेतलं. पाय मांडीखाली दाबून बसून पाहिलं. मुंग्या आल्या आणि उठल्यावर बाई कपाटावर आपटल्या. ओढणीने दोन्ही पाय बांधून टीव्ही बघितला. बातम्यांत ट्रक आला आणि स्टूल उडालं. सिग्नल, जिना, शेजाऱ्याचं भांडण, दुधाला आलेला ऊत, पायाला काहीही पुरायचं. बसवेना, उभं राहवेना. भाजी निवडतानाही टाच आपली टकटक, टकटक.

अशाच एका संध्याकाळी शेवटच्या विद्यार्थ्याला बस डेपोपाशी उतरवून बाई गाडीतच बसल्या होत्या. डेपोच्या मागे एक बंद पडलेली आरक्षण खिडकी, तिच्यापुढे छप्पर आणि गुळगुळीत फरशी. तिथून पेटीसारखा, पण पेटीहून चिडका आणि हळवा सूर येत होता. बाईंनी काच खाली केली. चार-पाच जोड्या एकमेकांना धरून चालत होत्या. मिरवत नव्हत्या, उड्या मारत नव्हत्या, नुसत्या चालत होत्या. पुरुष पुढे येत होते, बायका मागे सरकत होत्या.

मागे! आणि बायकांचे डोळे मिटलेले!

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आरसा नाही, मान वळवणं नाही, हॉर्न नाही, आणि डोळे मिटून रिव्हर्स! त्यातली एक, पांढऱ्या कोटातली दातांची डॉक्टरीण, समाधी लागल्यासारखी उलटी उलटी थेट लोखंडी खांबाकडे चालली होती.

"खांब!" बाई खिडकीतून ओरडल्या. "मागे खांब! अहो डॉक्टर, खांऽऽब!" आणि पायाने आपलं काम केलं. धप्प.

सगळे थांबले. डॉक्टरीण खांबापासून दोन वितींवर अलगद वळून उभी होती. तिला फिरवणारा माणूस टक्कल पुसत गाडीपाशी आला. त्याच्या खांद्यावर पान्ह्यांची पिशवी होती आणि पिशवीतूनच गाणं वाजत होतं.

"ताई, खांब मला दिसला होता."

"तुम्हाला दिसून काय उपयोग? जात होत्या त्या!"

"हां, हीच तर गंमत आहे," तो म्हणाला. "या की. उतरा. निदान खांब तरी सांभाळा आमचे."

तो दिवसा नळ दुरुस्त करायचा आणि बोलणंही त्याचं पाइपातूनच यायचं. या नाचाचं नाव टँगो. टँगो म्हणजे काय, तर "पाणी कसं जातं? ढकलून जातं का? उतार दिला की जातं." जोडीदार कसा धरायचा, तर "नळाचा आटा बसेल इतकाच. जास्त पिळला की फुटतो." फरशी खडबडीत असली तर तो आधी केरसुणी मारायचा आणि मग सगळे बुटांवरून मोजे चढवायचे, म्हणजे पाय घसरतो. बाईंना आधी वाटलं ही मंडळी घाईत चुकून उलट क्रमाने तयार झालीत.

दुसऱ्या दिवशी फोनवर निरोप आला: 'मंडईमागे. फरशी बरी. या.' बाई स्वतःला म्हणाल्या, खांबांचं बघायला जाते. आणि जाताना नवऱ्याचे लोकरी मोजे पिशवीत टाकले.

एका जागी ही मंडळी टिकायची नाहीत, कारण शिट्टीवाला. सुरक्षा रक्षक प्रत्येक इमारतीला वेगळा, पण शिट्टी आणि संवाद तोच.

"इथं नाचता येत नाही!"

"येतंय की, बघा ना," नळवाले.

"तसं नाही, चालत नाही!"

"चालतोच आहोत फक्त. नाचतंय कोण?"

"वरून ऑर्डर आहे."

मग पिशवी खांद्यावर, गाणं तसंच चालू, आणि सगळी वरात मोजे घातलेल्या बुटांनी पुढच्या फरशीच्या शोधात. बंद बँकेच्या पायऱ्या, पादचारी पुलाखालचा कट्टा, कुठेही. बाईंना हे पळणं मानवलं. त्यांच्या पायासारखंच होतं, एका जागी न ठरणारं.

नाचायला मात्र जमेना. नळवाले एक पाऊल पुढे टाकायचे, बाई एक मागे, दोन मागे आणि तिसऱ्याला उजवा पाय फरशीवर गच्च. ब्रेक. नळवाले छातीवर येऊन आदळायचे.

"ताई, रस्ता मोकळा आहे."

"तुमच्या बाजूने असेल. माझ्या मागे काय आहे?"

"ते मी बघतो ना. तुमचे आरसे माझ्याकडे."

"आरसे मी आजवर कोणाला दिले नाहीत."

"दिसतंय ते," नळवाले अंगठा चोळत म्हणाले. "डोळे तरी मिटा."

"मिटलेत."

"एक उघडाय."

लेकीला वास लागलाच. एका सकाळी दोरीवरचे मोजे हातात धरून ती स्वयंपाकघरात आली. "आई, बाबांच्या मोज्यांचे तळवे इतके काळे कसे? बाबा तर समुद्रात आहेत."

बाईंनी सांगून टाकलं. लेक ओट्याला टेकून हसली. "तू? डोळे मिटून? रिव्हर्स?" मग हसू ओसरलं. "आणि... पाय?"

"येतोय ताब्यात हळूहळू," बाई म्हणाल्या. साफ खोटं होतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाई पुलाखाली गेल्या. एक गाणं, दोन गाणी, आणि प्रत्येक गाण्यात ब्रेक. शेवटी त्या मधेच थांबल्या. "नाही व्हायचं हो माझ्याच्यानं. उद्या हा पाय पडणार आणि पोरीची नोकरी जाणार. कापून ठेवू का?"

नळवाल्यांनी पिशवी खांद्यावर वर ओढली. त्यांचं गाणं संपलं, दुसरं लागलं. "पाण्याला दाब असतोच, ताई," ते म्हणाले. "दाब नसेल तर नळ कशाला? आमचं काम एवढंच, की पाइपाने घरभर धडधड करू नये."

बाईंना ते तेव्हा कळलं नाही. रात्रभर कूस बदलत राहिल्या. सकाळी आजोबांनी जिन्यात काही विचारलंही नाही, नुसती मान हलवली.

परीक्षक आले. 'हं.' बसले. लेकीचे हात चाकावर पांढरे पडले होते. तिने आरशातून मागे पाहिलं, रस्त्याकडे नाही, आईच्या गुडघ्याकडे. बाईंनी पिशवीत हात घातला. लोकर हाताला लागली. आणि तेव्हा, पाइप, धडधड, सगळं एकदम डोक्यात शिरलं. त्यांनी वाकून दोन्ही बुटांवरून नवऱ्याचे मोजे ओढले, एकावर एक असे दोन जोड.

परीक्षकांनी मान वळवली. 'हं?'

"पायाला वारा लागतो," बाई म्हणाल्या.

'हं.'

गाडी निघाली. पहिल्याच वळणावर पाय पडला. आवाज आला नाही. उशीवर उशी पडावी तसं काहीतरी झालं आणि विरलं. लेक सरळ गेली. चौकात पाय पडला, शाळेपाशी पडला, कुत्र्यापाशी पडला. मग बाजाराच्या गल्लीतून एक टेंपो ढुंगण काढून उलटा रस्त्यावर आला आणि बाईंनी असा पाय मारला की कंबरेत चमक आली. पुढच्या सीटवर काही ऐकू गेलं नाही. लेकीने वेग आधीच उतरवला होता. तिने आरसा पाहिला, टेंपोला वाट दिली आणि पुढे गेली.

बाई घामाघूम झाल्या. बऱ्याच ठिकाणी त्यांचा पाय पडायच्या आतच लेकीने सावरलं होतं. ते एक वेळ ठीक. पण काही ठिकाणी लेकीने काहीच केलं नव्हतं आणि तरीही काहीच झालं नव्हतं. हे जास्त लागलं.

शेवटी परीक्षकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हं!" म्हणाले. हा नवाच होता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "पास," ते वैतागून म्हणाले. शब्द खर्च करावा लागला म्हणून.

ते उतरल्यावर लेक मागे वळली. "आई! सुटला तुझा पाय! एकदाही नाही मारलास!"

बाईंनी मोजे घातलेले दोन्ही पाय वर उचलून दाखवले.

लेक बघतच राहिली. "मारलास?"

"टेंपोला तर असा मारला, की तुझ्या बाबांची बोट थांबली असेल."

लेक हसता हसता चाकावर डोकं टेकून बसली आणि हॉर्न वाजतच राहिला. मग तिने डोकं उचललं. "म्हणजे... मग गाडी मीच चालवली."

"मग काय मोज्यांनी?"

संध्याकाळी निरोप आला: 'डेपोमागे.' लेक म्हणाली, मी सोडते. बाई सवयीने शेजारच्या सीटवर बसल्या. पायाखाली त्यांचा ब्रेक होता.

"पाय वर," लेक म्हणाली.

"वर कुठे?"

"वर म्हणजे वर. मांडी घाल."

पिवळ्या पाटीच्या गाडीत, लोकरी मोज्यांसकट मांडी घालून ब्रेकबाई निघाल्या. वाटेत दोन जुने विद्यार्थी बघून फुटपाथवर थबकले. लेकीने गाडी थांबवली तीही नेमकी 'थांबू नये' पाटीखाली. बाईंनी ओठ दाबले. उतरल्या.

नळवाल्यांची पिशवी वाजत होती. फरशी झाडलेली होती. बाईंनी हात ठेवला, डोळे मिटले, या वेळी दोन्ही. एक पाऊल मागे. दुसरं मागे. पाठीमागे गाडी सुरू झाली. लेक एकटीच फेरी मारायला निघाली होती. पहिला गिअर. मग दुसरा, जरा करकरला. गाडी लांब जात होती, इंजिन ओरडत होतं, आणि उजवा पाय फरशीच्या बोटभर वर नुसता थरथरत राहिला.

"तिसरा टाक गं," बाई नळवाल्यांच्या खांद्यात पुटपुटल्या. "तिसरा टाक, तिसरा..."

"कुठला तिसरा, ताई?"

"थांबा हो, बोलू नका!"

नळवाले थांबले. पेटीचा सूरही लांबत जाऊन थांबल्यासारखा झाला. इंजिन दुसऱ्यातच किंचाळत डेपोच्या कोपऱ्याला वळलं, आणि मग, वळणापलीकडे, तिसरा पडला.

बाईंनी पाय मागे टाकला.