सामाईक लेन्स आणि पलीकडचं लुगडं

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. रानातले धोंडे कसे, दरवर्षी वेचून बांधावर टाकले तरी पुढच्या नांगरटीला नवे वर येतातच, तसं ते असतं. त्यात तीन माणसं आणि एक लेन्स एकत्र आली, की बांध भरायला कितीसा वेळ लागणार!

माझं वारूळवाडीला फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, दशक्रिया, सगळ्या प्रसंगांचे चेहरे माझ्या मशीनमधून बाहेर पडतात. त्यामुळे धूसर फोटो बघितला की माझं डोकं फिरतं. लोक दहा मोबाईल फिरून आलेला नखाएवढा फोटो पाठवतात आणि म्हणतात, चौकात दिसला पाहिजे. दुसरा आमचा संपत, डिंगोऱ्याचा. टोमॅटो करतो आणि उरलेला वेळ पक्ष्यांच्या मागे असतो. तिसरा रोहिदास मास्तर. मढच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहतो, शाळेत शिकवतो आणि बोलायचं काम सगळं शाळेतच उरकून येतो.

तिघांचे कॅमेरे एकाच जातीचे होते. म्हणून तिघांत मिळून एक लांब पल्ल्याची झूम लेन्स घेतली, दीडशे ते सहाशे मिलिमीटरची. सामाईक विहिरीच्या पाण्याची जशी पाळी असते, तशी लेन्सची पाळी लावली. एक आठवडा संपतकडे, मग माझ्याकडे, मग मास्तरकडे. घेताना सहज विचारलं, कुणाला कशासाठी हवी आहे? मला शर्यतीच्या घाटातले पळते बैल हवे होते. संपतला पक्षी.

मास्तर म्हणाला, "आमच्या आयला तिची भैन बघायचीय. घरनं."

मास्तरच्या अंगणापुढं धरणाचं पाणी आहे आणि पाण्यापलीकडं थोरल्या मावशीचं घर. पाणी यायच्या आधी वहाणा हातात घेऊन नदी ओलांडली की बहिणीचं दार होतं. आता रस्ता सगळ्या पाण्याला वळसा घालून जातो, आणि दोघी बहिणींना गाडी लागते. मास्तरच्या लग्नाला मावशी जीपनं आली होती, तेव्हा वाटेत जे झालं त्यावर तिनं कानाला खडा लावला. मास्तरची आई तर स्टँडवरची एसटी नुसती बघूनच पदर तोंडाला लावते. फोन करावा तर मावशीला ऐकू येत नाही, आणि चेहरा दाखवावा तर पलीकडं रेंज नाही.

म्हणून दोघींनी आपली एक खूण ठरवली होती. रोज सकाळी मावशी दारापुढच्या दांडीवर एक तांबडं लुगडं टाकते. अलीकडून तो नुसता एक ठिपका दिसतो. ठिपका दिसला, की आक्का बरी आहे असं समजून आई चहा टाकते.

मास्तरच्या मावसभावानं एकदा मावशीचा मोबाईलवर काढलेला फोटो आणून दाखवला होता. चांगला स्वच्छ होता. आईनं तो बाजूला सारला. म्हणाली, "तिच्याजवळ जाऊन तिला कुनी बी बघंल. मला माझ्या दारातनं बघायची."

तेवढ्यावर लेन्स घेतली.

*

पहिली पाळी संपतची आली. डिंगोऱ्यात घरात ट्रॅक्टर येवो नाहीतर मिक्सर, पूजा होतेच. वहिनींनी लेन्स पाटावर ठेवली, फुलं वाहिली, नारळ फोडला. आणि हळदीकुंकू लावायचं तर कपाळाला, म्हणून पुढचं झाकण काढून बरोबर काचेच्या मधोमध बोट टेकवलं.

पहिल्या आठवड्याचे सगळे फोटो गुलाबी आले. भरदुपारचा ओढा संध्याकाळचा वाटत होता. मळ्यातली गाय सुद्धा कुणाला तरी आठवत बसल्यासारखी दिसत होती. मी फोनवर ओरडलो, अरे आधी काच पूस!

संपत शांतपणे म्हणाला, "राव, अमावस्येपर्यंत पुसायचं न्हाई म्हनलीय ती."

खरं सांगू? त्यातला ओढ्याचा एक फोटो मी अजून जपून ठेवलाय. तो पाहिला की मला उगाच बरं वाटतं. पण हे संपतला कळता कामा नये.

*

एवढी लांब लेन्स हातात धरली की जरा हललं तरी सगळं पुसट होतं. मी दुकानात बसून वाचलेलं ज्ञान संपतला दिलं: कोपरं छातीशी घट्ट धर, शटर जलद ठेव आणि बटण दाबताना श्वास रोख.

एका सकाळी आम्ही कालव्याच्या कडेला बसलो होतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर निळा खंड्या येऊन बसला. वारा नव्हता. पाण्यातली फांदी आणि वरची फांदी यात खरी कुठली ते सांगता येत नव्हतं. संपतनं कॅमेरा डोळ्याला लावला, श्वास रोखला आणि खंड्या मान वळवायची वाट बघत बसला. खंड्याला कसलीच घाई नव्हती. संपतचा चेहरा हळूहळू त्याच्या टोमॅटोसारखा झाला. शेवटी त्यानं जो काही श्वास सोडला, त्यानं खंड्या उडाला आणि घाबरून याच्या बोटाखालचं बटण दाबलं गेलं.

फोटोत रिकामी फांदी होती. पण फांदी अशी आली होती, की सालीवर चाललेल्या मुंग्या मोजून घ्याव्यात.

तो फोटो मास्तरनं शाळेत लावला. खाली स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'खंड्या (नुकताच गेलेला)'.

*

माझ्या पाळीला मी आंबेगावकडच्या एका घाटात, म्हणजे बैलगाडे पळवायच्या धावपट्टीवर, शर्यतीला गेलो. एका ओळखीच्या गाडामालकानं सांगून ठेवलं होतं, आपल्या बैलाचा फोटो असा पाहिजे की गावात चर्चा झाली पाहिजे. त्याची बारी आली. पुढं वाट दाखवणारी घोडी, मागं बैल, आणि सगळा घाट धुळीत. मी धडाधड बटण दाबत राहिलो.

घरी येऊन पाहतो तर फोकस सगळा घोडीनं नेला होता. घोडीचे कान इतके स्वच्छ, की केस विंचरून आल्यासारखे. मागं बैलांच्या जागी दोन पांढरे ढग. चूक माझी होती. मी फोकसचा बिंदू मधे एकटा ठेवायचा सोडून सगळं कॅमेऱ्यावर सोपवलं होतं, आणि त्यानं आधी जे समोर आलं ते पकडलं.

मालक दुकानात आला तेव्हा मी पळून जायच्या विचारात होतो. त्यानं फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग त्याचे डोळे भरून आले.

"बघा पावणं, कॅमेऱ्याला बी घावला न्हाई आपला बैल!"

तोच फ्लेक्स पुढं चौकात लागला. दोन ढग आणि एक घोडी. लोक थांबून बघत आणि माना डोलवत. माझ्या दुकानातून बाहेर गेलेला तेवढाच एक धूसर फ्लेक्स, ज्यावर आजवर कुणाची तक्रार नाही.

*

मग आम्ही शहाणे झालो. हातात धरायचं बंद केलं. संपतनं बायकोकडून एक कापडी पिशवी शिवून घेतली, तिच्यात बाजरी भरली आणि लेन्स तिच्यावर टेकवायची युक्ती काढली. लेन्स अशी बसते, की बाळ उशीवर झोपावं.

धरणाच्या काठी, थंडीत, आम्ही तिघं गवतात पोटावर पडून होतो. पाण्यावर धुकं होतं. लांब कुठंतरी बदकांचा आवाज येत होता, पण दिसत काही नव्हतं. अशा वेळी बोलावंसं वाटत नाही. मला तर डुलकीच लागली असावी, कारण डोळे उघडले तेव्हा आमच्याभोवती पक्षी होते. पिशवीची शिवण उसवली होती आणि बाजरी सांडत होती. चिमण्या, होले, आणि ज्याच्यामागे संपत महिनोन्महिने फिरत होता तो चंडोल सुद्धा, आमच्या नाकापुढं दाणे टिपत होता.

संपतनं अतिशय हळू लेन्स फिरवली. लेन्स कुरकुरली, पुढं गेली, मागं आली, आणि काही केल्या फोकस होईना. हिला चार पावलांच्या आतलं काहीच दिसत नाही! मागं सरकावं तर पक्षी उडणार. चंडोल संपतच्या बाहीवर चढला, तिथला एक दाणा खाल्ला आणि निघून गेला.

फोटो एकही नाही. तिघंही परत येताना कारण नसताना हसत होतो.

*

मास्तरच्या पाळ्या मात्र फुकट जात होत्या. तो शाळा सुटल्यावर, दुपार कलल्यावर लेन्स लावायचा. त्या वेळी पाण्यावरून आणि तापलेल्या खडकांवरून धग उठते, आणि मावशीचं घर फोटोत लवलवत असे. आई कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघायची आणि म्हणायची, "आक्का नाचतीया का रं?" मग हसायची. पण हसून झालं की आत जाऊन बसायची. उन्हाळ्यापासून तिची तब्येत बरी नव्हती, आणि आता मास्तरची घाई आम्हालाही लागली होती.

लेन्समध्ये दोष नव्हता, मधल्या हवेत होता. भल्या सकाळी धुकं असतं, नंतर धग. धुकं उठलंय आणि ऊन अजून तापलं नाही, एवढीच काय ती मधली वेळ. शाळेला सुट्टी होती तेव्हा आम्ही तिघं पहाटेच मास्तरच्या अंगणात जाऊन बसलो. बाजरीची पिशवी, यावेळी दुहेरी शिवलेली, अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवली. वर लेन्स. फोकस हातानं लावला, मावशीच्या दाराच्या चौकटीवर. बटणाला बोट लागून हलू नये म्हणून टायमर ठेवला. आई लुगड्याचा पदर आवळून उंबऱ्यावर बसली होती.

धुकं उठायला लागलं. आधी पलीकडचा आंबा दिसला, मग कौलं, मग भिंत. पाणी इतकं निश्चल होतं, की ते घर पाण्याखालीही तसंच उभं होतं. दारातून एक म्हातारी बाहेर आली. दांडीवर लुगडं टाकलं, ते हातानं सारखं केलं. मग कपाळाला हात लावून तिनं सरळ आमच्याकडं पाहिलं. मास्तरनं तेव्हा बटण दाबलं.

मी आजवर एवढा स्वच्छ फोटो पाहिलेला नाही. मावशीच्या हातातल्या बांगड्या कळत होत्या. संपत उगाच दुसरीकडं बघायला लागला.

मास्तरनं कॅमेरा आईच्या मांडीवर ठेवला आणि फोटो मोठा करून दाखवला. आई बराच वेळ बघत राहिली. आधी चेहऱ्याकडं. मग तिचं बोट हळूहळू लुगड्याकडं सरकलं. तांबड्या लुगड्यात मधोमध एक हिरवा पट्टा होता. अलीकडून नुसत्या डोळ्यांना तो कधीच दिसला नव्हता.

"ह्यो दंड मी घातलाय," आई म्हणाली. "ह्ये माझं लुगडं हाय."

मग सगळं बाहेर आलं. मास्तरच्या लग्नाला येताना जीपमध्ये मावशीचं लुगडं खराब झालं, म्हणून आईनं परत जाताना तिला आपलं आवडतं तांबडं नेसवलं. मधे फाटलं होतं, तिथं हिरवा तुकडा जोडून तिनं ते स्वतः शिवलेलं. पुढं मावशीनं निरोप धाडला, लुगडं धुताना धरणात वाहून गेलं. आईनं कधी विषय काढला नाही. आणि इतकी वर्षं रोज सकाळी तेच लुगडं बघून ती चहा टाकत होती.

"गाडी काढ," आई म्हणाली.

मास्तरला वाटलं दवाखान्यात जायचंय. पण आईनं मुठीत लिंबू घेतलं, पदर तोंडाला लावला आणि जाऊन जीपच्या पुढच्या सीटवर बसली.

मी आणि संपत अंगणातच थांबलो, लेन्सपाशी. ऊन चढत होतं, हवा हळूहळू हलायला लागली होती. खूप वेळानं पलीकडं जीप दिसली. मग अंगणात दोन म्हाताऱ्या दिसल्या. लुगडं दांडीवरून निघालं. एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या हातात, आणि दोघी मागं मागं सरत ते ताणत होत्या. संपतनं फोटो काढला.

"राव, भांडत्यात का घडी घालत्यात?"

मी फोकस नीट केला, पुन्हा पाहिलं. मला सांगता येईना.

आई संध्याकाळी परतली. प्रवासानं चेहरा पार उतरलेला, हात रिकामे. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं उठलं तेव्हा ती उंबऱ्यावर बसलेली होती, आणि पलीकडं तांबडा ठिपका होता. मास्तरनं चहाचा कप पुढं करत विचारलं, "आये, लुगडं का न्हाई आनलं?"

आईनं त्याच्याकडं पाहिलं सुद्धा नाही.

"आनलं असतं, तर हितनं काय बघू?"