तळहातावरची बॅच

मुरबाडच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होतो, तेव्हा आमच्या उरावर एक साहेब आणून बसवला होता. डॉक्टरेटवाला. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसली जात.

काम तसं सोपं. तेलापासून केलेला एस्टर निकेलच्या भुकटीबरोबर तापवायचा. त्याच्या रेणूतला दुहेरी बंध निकेलच्या संगतीत नुसती कूस बदलतो, नवं काही आत येत नाही. निकेलला जाग यावी म्हणून सुरुवातीला जरासा हायड्रोजन द्यायचा आणि व्हॉल्व्ह बंद करायचा. नाही केला, तर हायड्रोजन बंधातच शिरतो आणि सगळ्याचं मेण होतं.

रिअ‍ॅक्टरवर धसईचा ऑपरेटर होता. भातशेती सांभाळून कैक वर्षं कंत्राटावर राबलेला. त्या महिन्यात त्याला कायम करणार होते. दहावी नापास, पण रिअ‍ॅक्टर त्याला साहेबापेक्षा जास्त कळायचा. साहेबाला मात्र घाई. व्हॉल्व्ह थोडा उघडाच ठेव, रिअ‍ॅक्शन पळेल, असं त्यानं माझ्यादेखत फर्मावलं. ऑपरेटरनं दोनदा नको म्हणून सांगितलं. भात लावण्याइतक्या अकलेवर केमिस्ट्री चालत नाही, असं साहेबानं सुनावल्यावर त्यानं व्हॉल्व्ह तसाच उघडा ठेवला.

काढलेला नमुना टेबलावर थिजला. गोठणं ही माल जमल्याची खूण, म्हणून साहेबानं नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो काढून घेतले. अरे शहाण्या, आपला माल फ्रिजमध्ये गोठतो, मे महिन्यातल्या मुरबाडात टेबलावर नाही! ऑपरेटरनं चिमूटभर तळहातावर घेऊन मला दाखवला.

"भाऊ, ह्यो तर हातावर पण वितळत नाय."

मी मशीनवर तपासलं. मेणच होतं. साहेबाला सांगितलं तर म्हणे मशीन बिघडलंय. मी मिठाची गुळणी धरली आणि माल गेला.

गेला तसा परत आला. मग चौकशी. ऑपरेटर व्हॉल्व्ह बंद करायला विसरला, असं साहेबानं बिनदिक्कत ठोकून दिलं. लाज कशाशी खातात हे त्याला ठाऊकच नव्हतं. मॅनेजरनं मला विचारलं, साहेबांनीच व्हॉल्व्ह उघडा ठेवायला सांगितलं असं हा म्हणतो, तेव्हा तुम्ही तिथं होता का? ऑपरेटर माझ्याकडे बघत होता. अगदी निर्धास्त.

"मी तेव्हा लॅबमध्ये होतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवलं.

साहेब पुढे मोठ्या पगारावर कुठेतरी गेला. शहापुरात घरी बसून मी आजही त्याला शिव्या घालतो. नालायक होताच तो, पण निदान स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलला. मला तर कुणी पेढासुद्धा जास्त दिला नव्हता.

परवा धसईच्या बाजारात ऑपरेटर दिसला, वांगी घेऊन बसला होता. तोंड चुकवावं म्हटलं, पण त्यानं आधीच पाहिलं. मी अर्धा किलो मागितली. त्यानं निवडून निवडून चांगली दिली, वर दोन जास्तीची टाकली. पूर्वी मला भाऊ म्हणायचा.

"पिशवी धरा, साहेब," तो म्हणाला.