अंगठ्याकडे बघणारी

आमच्या वरच्या मजल्यावरची ती म्हैसूरहून सुटणाऱ्या बसगाड्यांचं ॲप बनवते. भेटेल त्याच्या हातात मोबाइल देऊन “स्वल्प बघा की”, जरा बघा, म्हणते आणि स्वतः मात्र त्याच्या अंगठ्याकडे टक लावून बघत बसते. मला अवघडायलाच होतं.

आजारपणानंतर बाबांचा हात थरथरतो. घराबाहेर पडणंही त्यांनी सोडलंय. तिनं त्यांना मोबाइल दिला, तर गाड्यांची यादी बोटाखालून सुसाट पळाली. “बेडा, नको, हे माझ्यासाठी नाही,” म्हणत त्यांनी तो परत केला. ती मोबाइल घेऊन वर गेली.

काल पुन्हा आली. आता बोट थरथरलं तरी यादी जागेवर राहत होती आणि मागे जायचं बटण खाली, अंगठ्याशी आलं होतं. जरा वेळानं तिनं मोबाइल मागितला.

“स्वल्प थांब ग,” बाबा म्हणाले, “टी. नरसीपूरची गाडी बघतोय. तिथल्या नद्यांच्या संगमावर जाऊन येऊ म्हणतो.”