सीबाची भाकरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. पाद्रीसाहेब घरी येतात, चहा घेतात, प्रार्थना करतात – त्यांच्यापुढंही कधी जीभ उचलली नाही. मग तुम्हालाच का? खरं सांगू, मलाही नीट ठाऊक नाही. बसा जरा. मी आडवळणानंच येणार आहे. सरळ यायचं धाडस असतं तर इतकी वर्षं लागली असती का?

जुन्या करारात दावीद राजाची गोष्ट आहे. पोटचा पोरगा, अबशालोम, बापावर उठतो, आणि राजा राजवाडा सोडून अनवाणी निघतो. वाटेत त्याला सीबा भेटतो. सीबा हा मफीबोशेथाचा कारभारी. मफीबोशेथ म्हणजे राजाच्या मेलेल्या जिवलग मित्राचा मुलगा, दोन्ही पायांनी लंगडा. राजानं त्याला आपल्या पंगतीला बसवलेलं. सीबा गाढवांवर भाकरी आणि मनुका लादून आणतो. तुझा धनी कुठाय, राजा विचारतो. तो मागंच राहिला, सीबा सांगतो, आता राज्य आपल्यालाच मिळणार म्हणतोय. झालं! राजा तिथल्या तिथं लंगड्याचं सगळं सीबाला देऊन टाकतो. चौकशी नाही, काही नाही.

बोर्डिंगात मास्तर ही गोष्ट सांगायचे तेव्हा मला राजाचा राग यायचा. एवढा शहाणा माणूस, आणि एका बाजूचं ऐकून निकाल? आता नाही येत. उपाशी माणसापुढं जो भाकरी घेऊन उभा राहतो, तो खोटा वाटतच नाही हो. हे मला कसं कळलं – तेच तर सांगायचंय.

बेचाळीसच्या धामधुमीनंतरची गोष्ट. इस्लामपूरजवळच्या एका गावात अण्णांची पिठाची गिरणी होती. अण्णा पलटणीतून परतलेले, उसाचे मालक, आवाज असा की इंजनाच्या धडधडीतही ऐकू यायचा. मी सांगलीच्या मिशनच्या बोर्डिंगात शिकून आलेला, इंजनावर होतो. दळण घ्यायला दादू. दादूचा एक पाय लहानपणीच वाळला होता. आईबाप तापाच्या साथीत गेले, तेव्हा अण्णांनी त्याला उचलून घरी आणला. तो अण्णांच्या ताटाशेजारी जेवायचा. मी ख्रिस्ती, आणि कुठल्या आळीतून ख्रिस्ती झालो तेही गावाला ठाऊक – माझं पान ओसरीखाली. हे सबब म्हणून सांगत नाही. दादूनं मला कधीच लांब ठेवलं नव्हतं. उलट कितीदा तरी आपली भाकरी उचलून तो खाली यायचा आणि म्हणायचा, "सरक की रं शामू."

मग चळवळीपायी अण्णांवर वॉरंट निघालं. ते नदीकाठच्या उसात गेले, आणि फौजदार येता-जाता गिरणीत ठाण मांडून बसू लागला. अण्णांच्या घरून गुपचूप भाकरी यायची, पण ती पोचवायची कशी? युक्ती काढली दादूनं. "मी त्येला म्होरं बसवून ठेवतो," म्हणाला, "च्या पाजतो, गप्पा हाणतो. तू मागल्या दारानं भाकरी घिऊन जा. माझ्या पायाला उसात जायाला जमायचं न्हाई."

आणि बसवायचा हो! काय ते हसणं, काय ते ओंजळ आड धरून बिडी पेटवून देणं! दळणाला आलेली माणसं बघायची आणि दातओठ खायची. खरं काय, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तो समोर मान खाली घालून लोकांच्या शिव्या खायचा, आणि मी मागून सुखरूप निसटायचो.

उसात अण्णा माझ्या हातची भाकरी घ्यायचे. माझ्या हातची! एका फडक्यातून आम्ही दोघं खायचो. मला काय वाटायचं ते कसं सांगू – जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी शेजारी बसलो होतो, आणि तिथं दुसरं कुणी नको होतं. एक दिवस त्यांनी विचारलं, "दाद्या कसा हाय रं?" साधा प्रश्न. पण त्याचं नाव घेताना त्यांचा आवाज मऊ झाला, आणि मी बोलून गेलो,

"त्यो फौजदाराला च्या पाजतोय, अण्णा. बिडी पेटवून देतोय. म्हणतोय, गिरणी आता माझीच."

च्या खरा होता. बिडी खरी होती. शेवटचं तेवढं माझं. अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. निरोप घेऊन येणाऱ्या बाकीच्यांनीही त्यांना च्या-बिडीचं सांगितलं असणारच. आणि त्यांना भाकरी देणारा मी होतो. माझ्यावर अविश्वास कोण दाखवणार?

पुढं एकदा भर गिरणीत अण्णांचा माणूस आला. गर्दी होती. "किल्ली शामूकडं दे आन् गाव सोड," त्यानं दादूला सांगितलं. दादूनं तोंड उघडलं, आजूबाजूला पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. खरं बोलायचं, तर त्याला माझी मागल्या दाराची वाट चारचौघांत सांगावी लागली असती, आणि ती तासाभरात फौजदाराला कळली असती. त्यानं तोंड मिटलं. किल्ली पोत्यावर ठेवली. बायका थुंकल्या. तो सांगलीला गेला, आणि एका जैन व्यापाऱ्याच्या हळदीच्या वखारीत पोती शिवायला लागला.

वॉरंटं उठली, अण्णा उजळ माथ्यानं गावात आले. ते कळताच दादू आला – कुबडीवर, दाढी वाढलेली, पाय धुळीनं माखलेले.

"अण्णा, मी फौजदाराला बसवून ठेवत हुतो. शामूला ठावं हाय. इचारा त्येला."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. आता फौजदार नव्हता, भीती नव्हती, काही म्हणजे काही नव्हतं. मी इंजनाचा पट्टा पुसत होतो. "मला काय ठावं न्हाई," म्हणालो.

अण्णांनी दादूच्या पायांकडं पाहिलं. मग म्हणाले, "जाऊ द्या आता. दोघं मिळून चालवा. निम्मी निम्मी." दावीदानंही परत आल्यावर हाच निवाडा दिला होता, दोघांत जमीन वाटून. अण्णांना खरं कळलं नव्हतं? की कळूनही माझ्या भाकरीची भीड पडली? मला आजही सांगता येत नाही.

"त्येलाच ऱ्हाऊ द्या सगळी," दादू म्हणाला. "तुमी सुकरूप आलासा, लय झालं." लंगडा मफीबोशेथही राजाला असंच म्हणाला होता. दादूनं ती गोष्ट कधी ऐकलेली नव्हती. तो अण्णांच्या पाया पडला आणि आल्या पावली परत गेला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

गिरणी माझी झाली. तिच्यावर पोरं शिकली, घर झालं. आता दादू नाही, अण्णाही नाहीत.

मागल्या झेंडावंदनाला शाळेत मला खुर्ची दिली. भाषण करणाऱ्यानं उसातल्या भाकऱ्यांचं सांगितलं, टाळ्या पडल्या. मग गावातल्या फितुराचं सांगितलं, दादूचं नाव घेऊन. त्या शाळेत दादूची नात मास्तरीण आहे, सांगलीहून बदलून आलेली. माझ्यासाठी हाराचं ताट तिनंच धरलं होतं. नाव ऐकून तिची मान खाली गेली, पण ताट तसंच धरून ती उभी राहिली. मी हार गळ्यात घालून घेतला.

फितूर दादू नव्हता. मी होतो.